वहीच्या पहिल्या पानावर घर

दिवाळीच्या पाडव्याला नव्या रोजमेळाच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढून आपला व्यापारी वर्षाचा आरंभ करतो. परंतु ते वर्ष धंद्याच्या वाट्याला नेमके किती दिवसांचे येणार, याचा आकडा त्या वहीत सहसा कोठेच मांडलेला नसतो. माझा लहानसा छापखाना आहे, म्हणून हे अनुभवाने लिहितो. आश्विनात दिनदर्शिका, मार्गशीर्षापासून लग्नपत्रिका, मार्चअखेर पावतीपुस्तके. आलेले काम परत पाठवावयाचे नाही, या हट्टापायी एका वैशाखात तीर्थरूपांचे वर्षश्राद्ध कसेबसे उरकून, ओल्या हातानेच मी यंत्रापाशी येऊन उभा राहिलो, आणि ज्या पत्रिकांसाठी ही तारांबळ केली त्यांत वधूपित्याचेच नाव चुकले. सगळा गठ्ठा पदरमोड करून पुन्हा छापून द्यावा लागला, हे ओघानेच आले.

या बाबतीत मुंबईचा डबेवाला आम्हां दुकानदारांहून शहाणा. १८९० पासून चालत आलेल्या त्याच्या धंद्याची वक्तशीरपणाबद्दल एवढी ख्याती असूनही, चैत्रात मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगावकडील ग्रामदैवतांच्या यात्रा आल्या की आगाऊ वर्दी देऊन तो काही दिवस डबे बंद ठेवतो. गिऱ्हाईक तेवढ्यापुरती उपाहारगृहाची वाट धरते आणि यात्रा आटोपताच डबा पुन्हा त्याच्याच हवाली करते. कोकणच्या कोळ्याला तर ही शिस्त सरकारी फर्मानानेच लागली आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. तो माशांच्या विणीचा काळ असल्यामुळे पुढच्या हंगामाची पैदास त्या ६१ दिवसांवर अवलंबून असते, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या नौकांची डागडुजी व जाळ्यांची दुरुस्तीही त्याच अवधीत उरकते.

तेव्हा नव्या वहीत प्रथम घरच्या तारखा लिहाव्यात: श्राद्धतिथी, मुलांच्या परीक्षा, पत्नीचे माहेरपण, कुलदैवताची वारी. त्याखाली सरकारच्या, म्हणजे आगाऊ प्राप्तिकराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. राहिलेले दिवस गिऱ्हाइकाचे.

यावर, बंद दुकानाचे भाडे आणि कर्जाचा हप्ता कोण भरणार, असा रास्त सवाल येतो. त्याची तजवीज दर ठरवतानाच करावी लागते. घर व दुकान मिळून दरमहा ६०,००० रुपये खर्च असेल आणि वर्षाकाठी एक महिना काम बंद ठेवावयाचे असेल, तर ७,२०,००० रुपये अकरा महिन्यांत उभे राहिले पाहिजेत. म्हणजे दरमहा सुमारे ६५,५०० रुपये. ही साडेपाच हजारांची वाढ दरात सोसत नसेल, तर रजा पंधरवड्याची करावी; पण तीही वहीत चढवावी. आणि मालकाच्या रजेपायी नोकराचा पगार कापणे ही निव्वळ लबाडी होय. त्याचा रोज याच हिशेबात धरावा.

आमच्या दारावर येत्या वैशाखातील आठ दिवसांच्या सुट्टीची पाटी आजच लावली आहे. ज्यांना पत्रिका छापून हव्या असतील त्यांनी चैत्र सरण्यापूर्वी मजकूर आणून द्यावा, आणि वधूपित्याचे नाव कृपया सुवाच्य अक्षरांत लिहावे.