पवनीला उसने नाव कशाला?

थायलंडमधल्या चियांग माईचे खंदक, तट आणि तटाआडच्या गल्ल्या यांची वर्णने आम्ही कौतुकाने वाचतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीतही खंदक आहे, तट आहे, गल्ल्या आहेत. तिची बोळवण मात्र 'विदर्भाची काशी' एवढ्यावर होते. या बिरुदाला आमचा विरोध आहे. त्यात घाट आणि देवळे तेवढी मावतात. कोष्ट्यांचे माग मावत नाहीत. १९६९-७०च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर सापडलेले स्तूपाचे अवशेषही मावत नाहीत. आणि जे नावात मावत नाही, ते जपण्याची निकड कुणालाच वाटत नाही. काशी शोधणारा घाटावरूनच परततो. पवनी पाहायची तर तटाच्या दरवाजातून शिरून वैनगंगेपर्यंत पायीच जावे.