तुळईंतील सळई

जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस हें सांगावयास नको कीं, तुळई सहसा मध्यें मोडत नाहीं; घर खचतें तें सांध्याशीं. म्हणूनच जुना सुतार खांबाचें कुसूं तुळईच्या खांचेंत बसवितांना जितका वेळ घेई, तितका तुळई तासतांना घेत नसे. लांकडी इमारतींचा काळ संपला असें आपण धरून चालतों; परंतु युरोपांत तो नव्यानें सुरू झाला आहे. नॉर्वेंतील ब्रुमुनडाल गांवीं २०१९ सालीं पुरी झालेली ८५.४ मीटर उंचीची अठरा मजली इमारत लांकडी खांबतुळयांवरच उभी आहे.

हे खांब एका झाडाचे नव्हेत. फळ्या तंतूंची दिशा एक ठेवून सरसानें एकावर एक चिकटवितात, व हवी तेवढी लांबरुंद तुळई तयार करितात. जर्मनींतील वायमारच्या ओटो हेट्झर यानें अशा वांकविलेल्या तुळयांचें पेटंट १९०६ सालीं घेतलें. फळ्यांतील गांठी थरांथरांत विखुरल्या जात असल्यानें ही तुळई अखंड सोटापेक्षां अधिक भरंवशाची असते. पण दोन तुळया एकमेकींस जोडावयाच्या कशा? प्रश्न जुनाच.

त्यावरील एक उपाय असा. तुळईंत खोल भोंक पाडावयाचें, त्यांत आटे पाडलेली पोलादी सळई घालावयाची, आणि भोंवतालच्या फटींत एपॉक्सीसारखा कृत्रिम सरस भरावयाचा. बाहेर राहिलेलें टोंक नटानें दुसऱ्या भागास आवळतात. सांधा डोळ्यांस दिसत नाहीं, आणि आगींत सभोंवतालचें लांकूड सळईस कांहीं काळ आडोसा देतें. कारण अशी तुळई मिनिटास सुमारें ०.७ मिलिमीटर एवढ्याच गतीनें कोळसा होत जाते.

आतां ही सळई उपटून काढावयास किती जोर लागेल? सामान्य बुद्धि म्हणेल, सळई जितकी खोल तितकी पकड घट्ट. हें अर्धेंच खरें आहे. सळई ओढली कीं तोंडाशीं ती अधिक ताणली जाते, आणि भार दोन्हीं टोंकांशीं एकवटतो. मधला भाग बराचसा स्वस्थ असतो. टोंकाशीं लांकूड फाटूं लागलें म्हणजे चीर सळईच्या कडेनें सरसर पुढें धांवते. म्हणून जर्मनीच्या २००४ च्या मानकांत २५० मिलिमीटर खोलीपर्यंत पकड दर चौरस मिलिमीटरास ४ न्यूटन धरली आहे, ती १००० मिलिमीटर खोलीस २ वर उतरते. हिशेब करून पाहावा: खोली चौपट, आणि एकूण पकड मात्र दुप्पट.

खरी मौज पुढेंच आहे. २० मिलिमीटर जाडीची सळई ४०० मिलिमीटर खोल बसविली, तर वरील मानकाप्रमाणें पकड सुमारें ८ टन होते. (हे आंकडे मुळांतच सावधपणें धरलेले आहेत, बांधकामांत त्यांतूनही सूट सोडतात.) साध्या पोलादाची तेवढीच सळई ६ टनांस नमूं लागते, म्हणजे तुटण्यापूर्वीं लांबते. उच्च प्रतीच्या पोलादाची सळई १६ टनांपर्यंत नमत नाहीं. तर मग कोणती घ्यावी? बाजारांत विचारलें तर दुसरी. जाणता अभियंता पुष्कळ वेळां पहिली घेईल! कारण दुसरी बसविली तर आधीं लांकूड जातें, आणि लांकूड फाटतांना पूर्वसूचना देत नाहीं. पोलाद लांबतें, सांधा उघडतो, माणसास तें दिसतें, सांवरावयास अवधि मिळतो. शिवाय एका सांध्यांत चार सळ्या असल्या, तर नमणारी सळई आपल्यावरचा जादा भार शेजारणीकडे सोंपविते; ताठ सळई तो एकटीच घेऊन बसते व तिच्याभोंवतींचें लांकूड उखडतें. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस हें समजावयास शास्त्राची गरज नाहीं.

सूचना न देतां लांकूड फाटणें म्हणजे काय, तें नॉर्वेंतील ट्रेटेन येथें दिसलें. २०१२ सालीं खुला झालेला तेथील लांकूड-पोलादाचा पूल १५ ऑगस्ट २०२२ रोजीं सकाळीं नदींत कोसळला. एक मालमोटार व एक मोटार त्या वेळीं पुलावर होती. दोन्हीं चालक वांचले. तेथील सांधे सरस भरलेल्या सळयांचे नव्हते, पोलादी पट्ट्या व खुंट्यांचे होते; परंतु चौकशींत आढळलें तें हेंच, कीं सांध्याशीं लांकडाचा ठोकळाच्या ठोकळा फाटून निघाला. पोलादास नमण्याची पाळीच आली नाहीं.

भोंकाची जागाही निष्काळजीपणें ठरवून चालत नाहीं. तंतूंच्या दिशेनें बसविलेली २० मिलिमीटरची सळई तुळईच्या कडेपासून निदान ५० मिलिमीटर आंत, आणि दोन सळयांत १०० मिलिमीटर अंतर, असा नियम आहे. कारण तंतूंस आडवें ताणलें तर लांकूड जळणाच्या ढलप्यासारखें सहज दुभंगतें. सरसाचीही एक खोड आहे. त्यांतील पुष्कळ प्रकार ५०-६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडूं लागतात. आपल्याकडच्या पत्र्याच्या छपराखालीं वैशाखांत किती तापतें, हें ध्यानांत घेतल्यावांचून परदेशी नियम जसेच्या तसे उचलूं नयेत.

राहिलें तें आंतल्या पोकळीचें. सरस भरतांना हवा कोंडली, तर तेवढी पकड गेली, आणि बाहेरून कोणास कळावयाचें नाहीं. त्यासाठीं कारागीर तुळईच्या बाजूस दोन बारीक छिद्रें पाडतात, खालच्यांतून सरस दाबून भरतात, आणि वरच्यांतून तो बाहेर ओघळेपर्यंत हात थांबवीत नाहींत.