फॉरमॅट करण्यापूर्वी उधारीचा विचार करा

दुकान वाढवल्यावर रात्री घरच्या संगणकावर हिशेब लिहिणारे आमच्यासारखे व्यापारी नवीन जालन्यात पुष्कळ आहेत. त्याच संगणकावर मुलांचे खेळ आणि लग्नाचे फोटोही असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार कंपनीने थांबवल्यापासून "फॉरमॅट मारून नवीन टाकू" हे वाक्य वरचेवर ऐकू येते. त्याला मान हलवण्यापूर्वी व्यापाऱ्याने आपल्या डिस्कची रचना स्वतः समजून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हार्ड डिस्क हा एक अखंड ताका समजा. पार्टिशन म्हणजे तो कापणे नव्हे, त्यावर खडूने रेघ मारणे. सी भागात विंडोज राहते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससुद्धा मुळात सीमध्येच असतात, हे अनेकांना ठाऊक नसते, आम्हालाही नव्हते. २०१८ च्या रमजान ईदची उधारी डेस्कटॉपवर होती, ती सी पुसताच गेली. काही गिऱ्हाइकांनी स्वतःहून पैसे आणून दिले, अल्लाह त्यांना बरकत देवो. बाकीच्यांची नावेही आम्हाला आठवली नाहीत.

मग हिशेब डी भागात हलवला आणि निश्चिंत झालो. तीन वर्षांनी डिस्कच जळाली. रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही गेले.

संगणक सुरू होत नाही म्हणजे हिशेब मेला असे नाही. जुन्या विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ८ दाबले की सेफ मोड मिळे. १० आणि ११ मध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट केले की पर्याय येतात. विंडोज मुळीच उठत नसेल तर बूट मेनूतून लिनक्सच्या पेन ड्राइव्हवर संगणक सुरू करावा. लिनक्स फुकट आहे. डिस्क धड असेल तर फाइली दिसतात, त्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. मात्र नव्या यंत्रावर बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती आजच कागदावर लिहून ठेवा.

विंडोज ११ ला डिस्क जीपीटी पद्धतीची लागते, जुन्या डिस्का एमबीआरच्या असतात, म्हणून सर्व पार्टिशन पुसावेच लागतील असे कोणी सांगेल. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे, ते माहिती न पुसता बदल करते. तरीही आधी नक्कल घ्यावी.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. जीएसटी कायदाही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायला सांगतो. कारागिराला यातले काही विचारले जाणार नाही, आपल्याला विचारले जाईल.

आम्ही आता बाहेरची एक वेगळी डिस्क घेतली आहे. दर शुक्रवारी जुम्याला निघण्यापूर्वी तिच्यावर नक्कल होते, आणि मग तार काढून ती कपाटात जाते. लाल बही मात्र आम्ही अजून सोडलेली नाही, मुले हसली तरी.