'की'च्या अलीकडे, पलीकडे

गेल्या आठवड्यात माझ्या एका लेखाचे मुद्रित तपासून आले, तेव्हा 'की' या अव्ययापुढे मी दिलेले नऊच्या नऊ स्वल्पविराम वृद्ध मुद्रितशोधकांनी उचलून त्याच्या मागे नेऊन ठेवलेले दिसले, म्हणजे "तो म्हणाला की, पाऊस लांबला" असे जेथे मी लिहिले होते, तेथे "तो म्हणाला, की पाऊस लांबला" असे झाले होते, आणि समासात लाल शाईने शेरा होता : "'की' गौण वाक्याचा, त्यापासून तोडू नये." शेरा तर्कशुद्ध आहे, हे मी प्रथमच कबूल करतो. परंतु ते वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिले, घरातल्या मंडळींना म्हणावयास लावले, आणि प्रत्येकाचा श्वास 'की'च्या पलीकडे थांबला.

या तंट्याचा निवाडा कोणत्या दफ्तरात शोधावा? मोडीत तर विरामचिन्हे नव्हतीच. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली, शब्दाशब्दांत अंतर न सोडता, अक्षरे लिहीत जाई. तरीही पेशवाईतील सनदा, तहनामे आणि हिशेब त्या लिपीत चालले, कारण थांबण्याची जागा चिन्हाने नव्हे, भाषेनेच दाखविलेली असे. 'विज्ञापना ऐसीजे' आले की मजकूर सुरू होई, 'बहुत काय लिहिणे' आले की तो संपे, आणि मधल्या मजकुरात 'येऊन', 'करून', 'म्हणोन' ही पदे वाचणाराला घाटाच्या पायऱ्यांप्रमाणे एकेक करून खाली उतरवीत नेत.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले; मेजर थॉमस कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० सालचे, आणि आपल्या लेखनात ही चिन्हे रुजली त्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचा व्याकरणावरील थोर ग्रंथ आला, आणि १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने मान्य केले. परंतु त्या नियमांचा भर अनुस्वारावर आणि ऱ्हस्वदीर्घावर आहे, 'की'जवळच्या स्वल्पविरामाविषयी त्यांत हुकूम नाही. मला ती उणीव वाटत नाही. कँडीसाहेबांनी चिन्ह दिले, पण ते कोठे बसवावे याची मुखत्यारी मराठी वाक्याकडे आणि ते बोलणाऱ्या माणसांकडे राहिली, आणि ती तेथेच राहावी असे माझे ठाम मत आहे. वैयाकरणाने त्या वहिवाटीची नोंद घ्यावी, तिच्यावर अंमल बसवू नये.

म्हणून स्वल्पविराम क्षुल्लक आहे असे मात्र कोणी समजू नये. मी परगावी शिकत असता आत्याने गड्याबरोबर चिठ्ठी धाडली होती : "थांबू नको उद्या आबा येतील." आत्या चौथीपर्यंत शिकलेली, आणि बोलल्यासारखे लिहिणारी. तिचा विराम 'नको'नंतर होता; मी तो 'उद्या'नंतर वाचला, 'उद्या थांबू नको' एवढाच अर्थ घेतला, आजचा दिवस मिळाला म्हणून गणित सोडवीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी निघालो. पोहोचलो तेव्हा आबा येऊन, माझ्यासाठी रात्रभर थांबून, पहाटेच्या गाडीने परत गेले होते. ओसरीवर त्यांनी माझ्यासाठी आणलेली रामफळे फडक्यात बांधून ठेवलेली होती. क्रियापदानंतर 'उद्या' टाकण्याची आपली बोलण्याची रीतच मला येथे चकवून गेली; ती रीत कोणत्याही व्याकरणाने चूक ठरवू नये. पण ती कागदावर उतरली की तिला विराम हवाच.

मुद्रित परत धाडताना आठ स्वल्पविराम मी पूर्ववत केले. नवव्या ठिकाणी 'की'च्या आधीच दोन ओळींचे लांबलचक वाक्य होते, आणि मोठ्याने वाचताना माझाच दम तेथे संपत होता; तो स्वल्पविराम त्यांनी ठेवला होता तेथेच राहू दिला, आणि त्यांच्या शेऱ्याखाली 'मान्य' असे लिहिले.