तपासणी कागदांची की कसबाची?

आज 15 जुलै, जागतिक युवा कौशल्य दिन. 2015 साली याच दिवशी ‘स्किल इंडिया’ सुरू झाले. आज ठिकठिकाणी भाषणे होतील, प्रमाणपत्रे वाटली जातील. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला कोलशेतला एके काळी क्लॅरियंट आणि बायरचे कारखाने होते. आता तिथे टॉवर उभे आहेत. या टॉवरांच्या लिफ्ट, पंप, जनरेटर सांभाळायला तयार हात लागतात. ते तयार करणाऱ्यांकडे कोण पाहते?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतनाचा काही वाटा 2016 पासून केंद्र सरकार उचलते. म्हणजे पैसा तुमचा-आमचा आहे. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवावी, प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला त्याला जुंपू नये, हेही कायद्यातच आहे. 2014 च्या दुरुस्तीने कैदेची शिक्षा गेली, दंड उरला. आमच्या मते प्रश्न शिक्षेचा नाहीच. करारनामा, हजेरी, बँकेत जमा झालेले विद्यावेतन एवढे पाहून तपासणी पुरी होत असेल, तर दंड कशाबद्दल करणार?

फिटरच्या उमेदवाराची दैनंदिनी उघडावी. पानामागून पान ‘असेंब्लीत मदत’ हीच ओळ आणि खाली एकाच बैठकीत, एकाच पेनाने उरकलेल्या सह्या दिसल्या, तर तिथे प्रशिक्षण झालेले नाही. मग त्याच्या हाती व्हर्नियर द्यावा, एक शाफ्ट मोजायला सांगावा. मोजण्याआधी जबडे मिटवून शून्य जुळते का, हे तो पाहतो? वर्षभर त्याच्या शेजारी कुणी जाणकार उभा होता की नाही, ते एवढ्यावरून समजते. हे ओळखायला तपासनीसही त्या व्यवसायातलाच हवा. कारकुनी नजरेचे हे काम नव्हे.

इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही सरकारी तपासणी यंत्रणा अशा प्रशिक्षण संस्थांचे तपासणी अहवाल नावानिशी जाहीर करते. ठाणे जिल्ह्यातल्या आस्थापनांचे अहवालही तसेच लोकांसमोर ठेवायला हवेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची उमेदीची वर्षे यात खर्ची पडतात.

मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल, तर करारनाम्यावर पालकाची सही लागते. ती करण्याआधी विचारा: शिकवणार कोण? पहिल्या तीन महिन्यांत काय शिकवणार? सरळ उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका.