पेपरवाला बदलताना

माणूस घर बदलतो, गाव बदलतो, प्रसंगी मतेही बदलतो. पण रोजचा पेपरवाला बदलायची वेळ आली की त्याचा जीव कासावीस होतो. निदान माझा तरी झाला. आता माझा हा पेपरवाला सायकलवरून येणारा नव्हे, संगणकाच्या पडद्यावर येणारा. त्याचे नाव गूगल रीडर.

ज्यांचा त्याच्याशी परिचय नव्हता, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या आवडीची पाचपन्नास संकेतस्थळे असतात. कोणी रोज लिहितो, कोणी संकष्टीसारखा महिन्यातून एकदा. प्रत्येकाच्या दारी जाऊन 'काही नवे आहे का हो?' असे रोज कोण विचारणार? म्हणून ही स्थळे आपल्या ताज्या लेखांची एक यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवतात. तिला फीड म्हणतात. रीडर या याद्या चाळतो आणि जे नवे असेल ते आपल्यापुढे मांडतो. ऑक्टोबर २००५ मध्ये ही सोय सुरू झाली. महाडला पावसाळ्यात मुंबईचा पेपर कधी दुपारी येई; पण सकाळच्या चहाबरोबर माझे वाचन मात्र ठरलेले.

१३ मार्च २०१३ रोजी जाहीर झाले की, वापर कमी झाल्यामुळे १ जुलैपासून हे दुकान बंद! लाखाहून अधिक लोकांनी विनंतिपत्रावर सह्या केल्या. निर्णय काही फिरला नाही. मी सुतकी चेहऱ्याने ही वार्ता घरात सांगितली, तेव्हा सौभाग्यवती पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, एक गेला तर दुसरा लावा. त्यात एवढे काय?"

तेव्हा दुसरा शोधणे आले. उपवर मुलीच्या बापासारखा मी स्थळे पाहू लागलो. फीडली देखणे, घोषणेनंतर अठ्ठेचाळीस तासांत त्याच्याकडे पाच लाख माणसे गेली म्हणतात. मला गर्दीचे वावडे. न्यूजब्लर गुणी, पण सगळी स्थळे ठेवायची तर वर्षाचे पैसे मोजायचे. द ओल्ड रीडर साधे, जुन्या वळणाचे. शेवटी जूनअखेर निघालेले डिग रीडर मी पसंत केले. सामान हलवणेही सोपे होते. आपल्या सगळ्या स्थळांचे पत्ते ओपीएमएल नावाच्या एका लहानशा फायलीत बांधून मिळत. ती फाइल नव्या ठिकाणी दिली की बिऱ्हाड लागले! मी मोठ्या ऐटीत घरात जाहीर केले, "एक चमचासुद्धा हरवला नाही."

जुलैच्या एका पावसाळी संध्याकाळी मला आठवण झाली ती पोलादपूरच्या एका विद्यार्थ्याची. तो ब्लॉग लिहीत असे. आंबेनळी घाटातले धुके, शेवटच्या एस.टी.ची वाट पाहणारी माणसे, आजीच्या हातची नाचणीची भाकरी. एकूण अकरा लेख. कोणीतरी त्याच्या शुद्धलेखनाची थट्टा केली आणि पोराने एका रात्रीत सारा ब्लॉग पुसून टाकला. पण रीडर एकदा आणलेला मजकूर जपून ठेवी. त्यामुळे मूळ ब्लॉग गेला तरी ते अकरा लेख माझ्याकडे वाचायला मिळत. नव्या ठिकाणी पाहिले, तर त्याच्या नावापुढे काही नाही! खरेच आहे, फायलीत पत्ते होते, मजकूर नव्हता. आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हते. ज्या लेखांवर मी ताऱ्याची खूण केली होती, तेवढ्यांचाच मजकूर उतरवून घेतलेल्या गाठोड्यात आला होता. असे लेख निघाले तीन. 'कुठे जातात? आहेतच की!' या भरवशावर बाकीच्या आठांना मी कधी खूणच केली नव्हती. दोष सर्वस्वी माझा. ते तीन लेख छापून घेतले आणि माळ्यावरच्या पेटीत ठेवले.

मार्च २०१८ मध्ये डिग रीडरही बंद झाले. या वेळी मी चेहरा पाडला नाही. फाइल काढली, इनोरीडरला दिली. पाच मिनिटांत काम झाले. शिवाय आता जो लेख आवडेल, तो तिथल्या तिथे उतरवून ठेवतो. पेपरवाला कोणताही असो, कात्रणे आपली आपणच ठेवायची असतात.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या कितीतरी घरांतून कपडे, भांडी, कागदपत्रे गेली. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी तोच विद्यार्थी दारात उभा. आता चांगला बाप्या झालेला. इथल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत पाणी शिरले होते. वह्यांचा लगदा झाला होता.

"सर, माझे जुने काही तुमच्याकडे असेल का हो?"

मी माळ्यावरून पेटी काढली. त्याने तिन्ही लेख उभ्या उभ्याच वाचले. मग हळूच म्हणाला, "अकरा होते ना, सर?"

"होते," मी म्हटले. "आठ माझ्या आळसाने गेले."

तो काही बोलला नाही. सौभाग्यवतींनी चहा आणला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "भाकरीचा आहे यात. आजीचा तेवढा आहे." आणि कागद सदऱ्याच्या आत ठेवून, बाहेर पाऊस होता म्हणून, त्याने माझ्याकडे प्लास्टिकची एक पिशवी मागितली.