शाळा-शाळांतून : १८२ धावा, बळी शून्य!

दोस्तांनो, मुंबईची सेंट झेवियर्स ही जेझुइट फादरांची १८६९ सालची शाळा. सुनील गावसकर इथलेच! फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात तिची गाठ शारदाश्रमशी पडली. सचिन तेंडुलकर-विनोद कांबळी जोडीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. झेवियर्सच्या साईराज बहुतुलेला १८२ धावांचा चोप बसला, बळी एकही नाही! दुसरा कुणी खेळच सोडून बसला असता. साईराज मात्र लेगस्पिन टाकतच राहिला. पुढे मुंबईकडून खेळला आणि २००१ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतातर्फे कसोटीत उतरला. त्याच संघात सचिनही होता! तेव्हा चाचणीत मार्क कमी पडले, तरी वही मिटू नका बरं का!